हातमोजे चढवले

आमच्या खाणीच्या ऑफिसात शिरलं की डाव्या हाताला काचेचं कपाट आहे. त्यात अकरा ढाली आहेत. त्यांतल्या नऊ मी शिकवलेल्या संघांनी जिंकून आणल्या. हे सांगताना अजूनही माझी मान ताठ होते, आणि मग मला माझीच किळस येते.

माझं नाव सायरिल हुडाक. खाणीत सगळे साय म्हणतात, घरात पॅप. अडतीस वर्षं कोळशात काढली, त्यांतली शेवटची चौदा सुरक्षेचा मुकादम म्हणून. प्रथमोपचाराचा संघ तयार करणं हे माझं काम. दर जुलैत बेसबॉलच्या मैदानावर खाणींच्या संघांची स्पर्धा भरते. पाच जणांचा संघ, गवतावर झोपवलेला एक खोटा जखमी, त्याच्या छातीवर टाचलेली चिठ्ठी. ‘उजवी मांडी, धमनीतून रक्त.’ डोक्यावर घड्याळ धरून उभे असलेले पंच. पट्टी सैल बसली की गुण वजा, गाठ चुकीच्या बाजूला आली की गुण वजा, उशीर झाला की गुण वजा. बाहेरच्या माणसाला हसू येईल. आमच्याकडे मात्र या ढालीसाठी माणसं वर्षभर मंगळवारची संध्याकाळ बंबखान्याच्या तळघरात घालवतात, आणि घरी बायका बोटं मोडतात.

ब्याण्णव साली नवा नियम आला. जखमीला हात लावण्याआधी रबरी हातमोजे घालायचे. रक्तातून रोग पसरतात, एकाचे दुसऱ्याला लागतात, म्हणून. नियम शहाण्यासारखाच होता. पण जुलैच्या उन्हात घामट हात त्या पातळ रबरात जातात होय? बोटं अडकतात, रबर फाटतं, गाठ मारताना टोक सापडत नाही. त्या वर्षी बावीस सेकंद हातमोज्यांत गेले आणि केंटकीच्या संघाकडून आम्ही अकरा सेकंदांनी हरलो. मी आठवडाभर कुणाशी धड बोललो नाही.

पुढच्या हिवाळ्यात पंचांची बैठक भरली तेव्हा हात वर करणारा मीच होतो. म्हणालो, “पोरांना सगळं ठाऊक आहे. म्होरक्यानं मोठ्यानं बोलून दाखवलं की पुरे मानावं. घड्याळ रबराचं बघायचं की पट्टीचं?” सगळ्यांचीच तीच रड होती. एकमतानं मंजूर झालं. माझी पाठ थोपटली गेली.

झालं. तेव्हापासून दर मंगळवारी तळघरात एकच कवायत. गुडघे टेकायचे, दोन्ही तळवे खांद्यापर्यंत उचलायचे, म्होरक्यानं ओरडायचं, “हातमोजे चढवले!” मागून चौघांनी ओरडायचं. मी तळव्यांकडे बघून “बरोबर!” म्हणेपर्यंत हात खाली घ्यायचे नाहीत. घाईनं खाली घेतले तर मी पहिल्यापासून करायला लावायचो. खऱ्या हातमोज्यांचं पाकीट पेटीत असायचं, सीलबंद. स्पर्धेआधी पेटी तपासतात, तेव्हा पाकीट फोडलेलं दिसलं की एक गुण जातो. म्हणून त्याला कुणी हात लावायचा नाही, असा माझा सक्त हुकूम होता.

आज हे लिहून काढताना दिसतं, की ती बोलाची कढी होती. तेव्हा दिसत नव्हतं. त्र्याण्णवची ढाल आम्ही चाळीस सेकंद राखून जिंकली.

संघाचा म्होरक्या होता रेजिस पाल्को. माझा जावई. माझ्या बर्नीनं त्याच्याशी लग्न ठरवलं तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं. कमी बोलायचा, बिअर एकच प्यायचा, असल्या माणसाचा काय भरवसा. पण त्याच्या हातांसारखे हात मी पाहिले नाहीत. जाड, रुंद, आणि पट्टी बांधताना बाळाला लंगोट बांधावा तसे हलके. हिवाळ्यात मात्र त्या हातांची दशा व्हायची. कोळशाची धूळ पेटू नये म्हणून खाणीत चुनखडीची भुकटी मारतात, ती कातडी सुकवून टाकते. त्याची बोटांची पेरं उकलायची, चिरा पडायच्या. त्यावर तो काळी वायरची टेप गुंडाळायचा.

“मलम लाव की रे,” मी म्हणायचो.

“मलमानं फावडं निसटतं, पॅप.”

रक्तातून पसरणाऱ्या काविळीची लस कंपनीनं फुकट देऊ केली होती. तीन सुया. आम्ही सगळ्यांनी ‘नको’ म्हणून सह्या केल्या. चेट, आमचा सगळ्यात वाचाळ गडी, तेव्हा म्हणाला होता, “मला टोचायला माझी सासू आहे.” सगळे हसले. पहिली सही माझी होती.

चौऱ्याण्णवचा फेब्रुवारी. ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस सुरू व्हायच्या आधीचा मंगळवार. सगळ्यांच्या डब्यांत तळलेल्या गोड पुऱ्या होत्या, साखर सांडून ओठ पांढरे झालेले. सव्वादहाला आतून ओरडा आला. कोळसा वाहणारी बुटकी गाडी वळणावर मागे घेताना लेन ओराव्हेक तिच्या आणि भिंतीच्या मध्ये सापडला होता. मांडी फाटली होती आणि रक्त ठोक्याठोक्यानं उडत होतं.

मी रेजिसच्या मागोमाग पोचलो. दिव्याच्या उजेडात मी जे पाहिलं ते मला आजही जसंच्या तसं दिसतं. रेजिसनं गुडघे टेकले. दोन्ही तळवे खांद्यापर्यंत उचलले. “हातमोजे चढवले!” मागून चौघं ओरडले. पेटी माझ्या हातात होती. मी त्याच्या तळव्यांकडे बघितलं आणि म्हणालो, “बरोबर!”

आणि त्यानं दोन्ही उघड्या मुठी लेनच्या मांडीत रुतवल्या.

बावन्न मिनिटं लागली वर यायला. तेवढा वेळ त्यानं हात काढले नाहीत. स्ट्रेचरबरोबर तो वाकून, अर्धा रांगत आला. खाणीच्या तोंडाशी आलो तेव्हा टेप सुटून लोंबत होती आणि हात कोपरापर्यंत लाल-काळे. बातमीदारानं तिथंच फोटो काढला.

लेन वाचला. आणखी दहा मिनिटं गेली असती तर प्रेतच आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. चर्चच्या हॉलमध्ये बायकांनी जेवण घातलं, पाद्र्यानं रेजिसला पुढं बोलावलं, तो लाजून कोटाची बटणं चाचपत उभा राहिला. मी तो फोटो कापून फ्रिजवर लावला. अपघाताचा अहवाल माझ्याच हातचा. त्यात एक रकाना होता: हातमोजे वापरले का? मी लिहिलं, ‘हो, पाचही जणांनी.’ मी खोटं लिहीत नव्हतो. माझ्या कानांनी ऐकलं होतं.

गुरुवारी कंपनीच्या नर्सचा फोन आला. डॉम्बेकबाई. करड्या आवाजाची बाई, पण मनानं चांगली.

“साय, त्या ओराव्हेकच्या रक्तात काविळीचा विषाणू निघालाय. वाईट जातीचा. त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. कुणाचे उघडे हात लागले का त्या रक्ताला?”

“आमच्या पोरांचे?” मला रागच आला. “बाई, त्र्याण्णवची ढाल आहे आमच्याकडे.”

“ढालीचं नाही विचारत मी. लागले असतील तर सुई द्यावी लागते. लवकरात लवकर. सात दिवसांच्या पुढं तिचा फारसा उपयोग नाही.”

“हातमोजे होते. अहवालात लिहिलंय मी.”

“मग देवाची कृपा,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सोमवारी मी पेटी भरायला बसलो. वापरलेल्या पट्ट्यांच्या जागी नव्या ठेवल्या. गॉझ ठेवलं. खाली हात घातला तर बोटांना गुळगुळीत काहीतरी लागलं. हातमोज्यांचं पाकीट. सील तसंच.

घरी गेलो, फ्रिजसमोर उभा राहिलो. रोज दूध काढताना बघत होतो तो फोटो. त्या फोटोत नखं दिसत होती.

अपघात मंगळवारचा, हा सोमवार. म्हणजे सहावा दिवस. एक फोन करायचा होता. डॉम्बेकबाईंचा नंबर भिंतीवर लिहिलेला होता. मी फोन उचललाही होता, आणि ठेवला. का ठेवला ते सांगतो, म्हणजे मला कुणी माफ करायच्या भानगडीत पडू नये. सरकारी अहवालावर माझी सही होती. तो खोटा ठरला असता तर चौकशी आली असती. नियम कुणी सैल केला, हे निघालं असतं. संघ बाद झाला असता. कपाटातल्या ढालींकडे बघून पोरं हसली असती. आणि रेजिस? बैलासारखा धडधाकट होता तो. एवढ्याशा चिरांतून काय जाणार, असं मी स्वतःला समजावलं. माणूस स्वतःची समजूत फार लवकर पटवतो.

त्या संध्याकाळी बर्नीकडे जेवायला गेलो. तिनं हलुश्की केलं होतं, कोबी आणि लोण्यात परतलेले नूडल. बर्नी खरकटं आवरत होती तेव्हा रेजिस माझ्यामागून पडवीत आला. बर्फ ओढायचं फावडं उगाच या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ठेवलं.

“पॅप, एक विचारू?”

“विचार की.”

“त्या दिवशी... मी हातमोजे घातले होते ना?”

मी त्याच्याकडे बघितलं नाही. “तूच तर ओरडलास.”

“ओरडलो, ते आठवतंय. घातल्याचं आठवत नाही. अंघोळीला गेलो तर नखांत रक्त होतं. टेपच्या खाली पण. तीनदा साबण लावला.”

“रबर फाटतं रे. आत जातं थोडंफार.”

“डॉम्बेकबाईंकडे जाऊन येऊ का? चेट म्हणत होता कसलीशी सुई आहे.”

“चेटला काय कळतंय? मी होतो तिथं. मी बघितलं आणि बरोबर म्हटलं. अहवालात लिहिलंय.”

तो खरोखर हलका झाल्यासारखा हसला. “तुम्ही बघितलं असेल तर झालंच मग.”

आत जाऊन मी आणखी एकदा वाढून घेतलं.

मग मार्च गेला, एप्रिल गेला. मी रोज त्याचे डोळे बघायचो. काही नाही. मला वाटायला लागलं, सुटलो. मेच्या मध्यावर एका मंगळवारी सरावाला आला तेव्हा त्याला पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागला. “ताप असेल,” तो म्हणाला. तळघराच्या ट्यूबलाइटखाली त्यानं वर बघितलं आणि त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होता.

शंभरातले नव्याण्णव यातून उठतात, असं डॉक्टर म्हणाले. रेजिस त्या नव्याण्णवांत नव्हता. दहा दिवसांत त्याला पिट्सबर्गला हलवलं. दुसऱ्या कुणाचं यकृत मिळालं तर बसवू, म्हणाले. मिळालं नाही.

हॉस्पिटलच्या त्या मजल्यावरच्या बाकावर मी आणि बर्नी बसलो होतो. एक तरुण डॉक्टरीणबाई वही घेऊन आली. “हा रोग कुठून आला ते कळायला हवं. तुमच्या तपासणीचं, तुमच्या लशीचं बघायचंय. आणखी कुणाला लागला असेल तर त्यांनाही शोधायचंय.”

“खाणीतून नाही आला,” बर्नी म्हणाली. “त्याच्या हातात हातमोजे होते. माझ्या वडिलांनी लिहिलंय तसं.”

“मग दोनच वाटा उरतात,” बाई हळूच म्हणाली. “नशेच्या सुया, नाहीतर...” आणि तिनं वाक्य तिथंच सोडलं. थोड्या वेळानं येते म्हणाली.

बर्नी बोटातली अंगठी फिरवत बसली. खूप वेळ.

“शिकारीला म्हणून दरवर्षी चार दिवस जातो तो,” ती म्हणाली. “चेट म्हणतो, नुसते पत्ते कुटतो आम्ही. काय कुटतात कोण जाणे.”

“बर्नी.”

“काल मोठ्या डॉक्टरांनीही हेच म्हटलं होतं. मग विचारलं मी त्याला. शुद्धीवर होता थोडा. म्हटलं, कोण होती ती, निदान नाव तरी सांग. रडायला लागला, पॅप. नाही गं, नाही गं, एवढंच म्हणत होता. मी पाठ फिरवून बाहेर आले.” तिनं अंगठी पेरापर्यंत ओढली आणि पुन्हा आत ढकलली. “अकरा वर्षं. आणि मी त्याच्यावर थुंकायला निघालेय, आणि तो मरतोय.”

एवढं ऐकूनही गप्प राहिलो असतो तर मी माणूस म्हणवून घ्यायच्या लायकीचा उरलो नसतो. तसा आधीच फारसा उरलो नव्हतो.

“त्यानं हातमोजे घातले नव्हते,” मी म्हणालो.

ती वळली.

“आम्ही नुसतं म्हणतो. स्पर्धेत नुसतं म्हणायचं असतं. तसंच त्यानं म्हटलं, आणि तसंच मी बरोबर म्हटलं. पाकीट पेटीत सीलबंद होतं.”

“तुला कधी कळलं?”

“पुढच्या सोमवारी.”

“डॉम्बेकबाईंनी किती दिवस सांगितले होते?”

“सात.”

तिनं बोटांवर मोजलं. लहानपणी मोजायची तसं, अंगठ्यानं एकेक पेर दाबत. सहाव्यावर थांबली.

“सोमवारी तू आमच्याकडे जेवायला होतास.”

“हो.”

“हलुश्की केलं होतं मी.”

“हो.”

“पडवीत काय बोलत होतात दोघं? मी विचारलं तर तो म्हणाला, काही नाही, पॅपनं शंका मिटवली.”

मी तिला तेही सांगितलं. सगळं. तिनं ओरडायला हवं होतं, मला मारायला हवं होतं. ती उठली, डॉक्टरीणबाईला गाठून दोन मिनिटं काहीतरी बोलली. चेटचं आणि बाकीच्या तिघांचं नाव मला ऐकू आलं. परत आली ती सरळ रेजिसच्या खोलीच्या दाराशी. दाराजवळ भिंतीवर हातमोज्यांचा खोका होता. रेजिसच्या हिरड्यांतून आणि सुया टोचल्या होत्या तिथून रक्त येत होतं, म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येकाला ते घालावे लागत. तिनं दोन ओढून काढले आणि माझ्यासमोर धरले.

माझे तळवे आपोआप वर जायला लागले. तोंडही उघडलं असावं.

“बोलू नकोस,” ती म्हणाली. “घाल.”

माझे हात घामानं थबथबले होते. करंगळी दोनदा चुकीच्या बोटात गेली. एक फाटला, तिनं दुसरा दिला. मिनिटभर तरी लागलं असेल. तेवढा वेळ ती नुसती बघत होती. मग आम्ही आत गेलो.

तो जुन्या मेणबत्तीसारखा पिवळा झाला होता. यकृत गेलं की डोकंही जातं. तो आमच्याकडे बघत होता आणि बघतही नव्हता. बर्नी त्याच्या कानाशी वाकली. “माझं चुकलं, रेजिस. कुणी नव्हती. मला कळलंय आता, कुणी नव्हती.” ती तेच तेच म्हणत राहिली. त्याला कळलं की नाही, देव जाणे.

मग त्याची नजर माझ्यावर आली आणि काहीतरी ओळखीचं चमकलं. त्यानं चादरीतून दोन्ही हात बाहेर काढले. नळ्या ताणल्या गेल्या. तळवे खांद्यापर्यंत उचलले. ओठ सुकले होते, तरी शब्द कळले.

“हातमोजे चढवले.”

“नाही रे पोरा,” मी म्हणालो. “नव्हते. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. तुझे हात उघडे होते. मी पाहिले होते.”

तो माझ्याकडे बघत राहिला. हात वरच. पेरांवरच्या चिरा आता भरल्या होत्या. हात थरथरायला लागले, तरी खाली येईनात. नर्सनं धरून खाली ठेवले, त्यानं पुन्हा उचलले. कपाळावर घाम आला. घाईनं खाली घ्यायचे नाहीत, हे मीच शिकवलं होतं. दीड वर्ष, दर मंगळवारी.

बर्नीनं मान वर केली. तिचा चेहरा मला मरेपर्यंत पुरेल.

“म्हण, पॅप,” ती म्हणाली. “दमलाय तो.”

मी म्हणालो, “बरोबर.”

त्यानं हात खाली घेतले.